सत्तराव्या अक्षराला तुटलेला निरोप

ती. ताईस,

मंगळवार, दिनांक ११ मार्च, सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटे. त्या मिनिटापर्यंतचे माझे सगळे नमस्कार तुझ्याकडे पोचलेले आहेत. त्यानंतरचे तू घेतेस की नाही हे ठाऊक नसल्यामुळे सध्या एकच पाठवते आहे, आणि तोही पोस्टाने. गुडघा कसा आहे? (उजवा. डावा नुसता त्याच्या सहानुभूतीने दुखतो, असं तूच म्हणाली होतीस.) झोप लागते का? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस की डबीत साठवून ठेवतेस? हे सगळं मी एरवी रोज सकाळी साडेनऊला फोनवर विचारते, पण गेले नऊ दिवस तू फोन वाजू देतेस आणि उचलत नाहीस. कागद वाजत नाही, तेव्हा त्याला वाजत ठेवायची सोय तुला नाही.

तुझं ऑपरेशन एकतीस मार्चला. मी एकोणतीसला येणार, सहा आठवडे राहणार, हे महिन्यापूर्वी ठरलं होतं. आता लेकीकडून कळतं की मावशीने एक बाई ठरवली आहे, दिवसपाळीची, शिकलेली, कमी बोलणारी. (हा शेवटचा गुण तू लेकीला दोनदा ऐकवलास म्हणे. निरोप पोचला.) त्या बाईला नाही म्हण, एवढं सांगायला हे पत्र लिहिते आहे. पण तू कारण कळल्याशिवाय कुणाला नाही म्हणणार नाहीस, म्हणून घडलं ते क्रमाने सांगते. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली चौदा सुपरवायझर म्हणून. कुठल्या मुलीने कुठली वायर कुठल्या भोकात घातली आणि कुणाच्या सासऱ्याला कुणाचं प्रेमप्रकरण ऐकू गेलं, याचे अहवाल मी लिहिलेले आहेत. स्वतःविरुद्धचा अहवाल मात्र पहिल्यांदाच लिहिते आहे, आणि त्यात मी निर्दोष आहे.

दोष जावईबापूंचा आहे. म्हणजे त्यांच्या नीटनेटकेपणाचा. तुला माहीतच आहे, ते दोन वर्षं माझ्या जेवणाच्या टेबलावर नोकरी करतात. लेक सकाळी आठला लॅबोरेटरीत जाते, मग हे कंगवा फिरवून येतात, मीठ आणि पाण्याचा जग बाजूला सरकवतात, आणि संध्याकाळी सहापर्यंत यंत्रांशी बोलतात. यांची कंपनी दवाखान्यांच्या वतीने पेशंटना निरोप पाठवते: उद्या साडेदहाला या, रिपोर्ट बरोबर आणा, उपाशीपोटी या. एक यंत्र दुसऱ्या यंत्राला विचारतं, दुसरं उत्तर देतं, आणि ते नीट देतं की नाही हे रोज विचारून पाहायचं, त्याला एपीआयची चाचणी म्हणतात. मी म्हटलं, अहो, हे तर आम्ही सकाळी ड्यूटीवर आल्या आल्या करत होतो, प्रत्येक लाइनवर हॅलो म्हणून. ते म्हणाले, "अगदी तेच, आई." (ते कशालाही अगदी तेच म्हणतात. भांडण करायला जागाच ठेवत नाहीत. दोन वर्षांत मला या माणसाशी एकदाही धड भांडता आलेलं नाही, आणि जावई असल्यामुळे सुरुवातही मी करू शकत नाही.)

आता त्यांचा तो शोध. इतर लोक म्हणे चाचण्या एका ठिकाणी करतात आणि टिपणं दुसरीकडे ठेवतात, मग कुठली चाचणी कशासाठी केली होती ते सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. जावईबापूंचं म्हणणं, लिहायचं आणि पाठवायचं एकाच कागदावरून व्हायला हवं. म्हणून त्यांनी एक एडिटर घेतला आहे. एडिटर म्हणजे कॉम्प्युटरवरचा कोरा कागद, रंगरंगोटी नाही, चित्रं नाहीत. त्यात एक लांबच लांब फाइल. वर दोन ओळी टिपण, की हा निरोप कुणासाठी, मागच्या वेळी काय बिघडलं. खाली चाचणी. त्या चाचणीवर उभं राहायचं, कंट्रोल दाबून धरून सी दोनदा दाबायचा, की ती तिथूनच निघते आणि उत्तर शेजारी उमटतं. पुन्हा टिपण, पुन्हा चाचणी. मला दाखवताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मी चहा गार होऊ दिला. खरं सांगते, मला आवडलं. एकाच रजिस्टरात शेरा आणि कॉल.

मग त्यांनी मला त्या टिपणांचं इंग्रजी तपासायला सांगितलं. कंपनीत वरचे लोक वाचणार होते, आणि यांच्या इंग्रजीत क्रियापदं कर्त्याला न विचारता फिरतात. मी हो म्हटलं. निवृत्त झाल्यापासून कुणी माझ्याकडे काही तपासायला आणून दिलं नव्हतं. यांचा जुना लॅपटॉप माझ्यासमोर, नवा त्यांच्यासमोर, फाइल तीच, दोघांकडून उघडणारी. रोज दहा ते बारा मी लाल पेनशिवाय काम करायला शिकले. टिपणांना हात लावा, चाचण्यांना लावू नका, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. मी चाचण्यांना हात लावला नाही. मात्र प्रत्येक चाचणीच्या शेवटी एक हॅशचं चिन्ह लटकत असायचं (टेलिफोनवर शून्याच्या उजवीकडे असतं ते, चार काड्यांचं). ना शब्द, ना विरामचिन्ह. आमच्या कॉन्व्हेंटात वहीत असलं काही दिसलं असतं तर सिस्टरने पान फाडून पुन्हा लिहायला लावलं असतं. मी ती पुसली. चाळीस-एक असतील. ते चिन्ह म्हणजे "चाचणी इथे संपली" अशी भिंत होती, आणि भिंत नसेल तर खाली जे काही लिहिलेलं असेल ते सगळं चाचणीचाच मजकूर समजून निघून जातं, हे मला अकरा मार्चला दुपारी समजावण्यात आलं. भिंतीला भिंतीसारखं दिसायला काय होतं?

आणि फाइलच्या तळाशी, शेवटच्या चाचणीखाली (तिचा मजकूर त्यांनी अजून भरायचा ठेवला होता), मी माझी स्वतःची टिपणं ठेवू लागले होते. रक्तदाब, गॅस लावल्याची तारीख, लिफ्टवाल्याला काय बोलायचं. नवीन वर, जुनं खाली, एक्स्चेंजच्या रजिस्टरासारखं. सोमवारी, दहा तारखेला, तुझा फोन झाल्यावर मी तिथे तुला पत्राचा मसुदा लिहिला. तू फोनवर काय म्हणालीस ते आठवतं का? मला अक्षरन् अक्षर आठवतं. मी म्हटलं, सहा आठवडे म्हणजे बरेच झाले, इथलं सगळं बघून निघते. तू म्हणालीस, "ये गं, तुला तरी तिकडे काय काम असतं?"

माझी पद्धत तुला ठाऊक आहे. कुठलंही पत्र मी तीनदा लिहिते. पहिल्यांदा मनात असेल ते सगळं, दुसऱ्यांदा त्यातलं सभ्य तेवढं, तिसऱ्यांदा शाईने, ते खरं पत्र. एकतीस वर्षांत माझ्या पहिल्या मसुद्यांपैकी एकही दुसऱ्या माणसाच्या नजरेला पडलेला नाही, आणि म्हणूनच मी निवृत्तीपर्यंत नोकरीत राहिले.

मंगळवारी सकाळी मी दुसऱ्या मसुद्यासाठी पहिला उचलून कोऱ्या पानावर न्यायला निघाले. उचलायचं म्हणजे कंट्रोल आणि सी. हे मला लेकीने शिकवलं आहे, जगातल्या सगळ्या यंत्रांत असंच असतं म्हणे. एकदा दाबल्यावर काही वाजत नाही, हलत नाही, तेव्हा खात्रीसाठी मी नेहमी दोनदा दाबते. (कुलूपही मी दोनदा ओढून पाहते. तू हसतेस.) दाबलं, तर पडदा मधोमध दुभंगला आणि उजवीकडे एक ओळ आली, शेवटी ओके. मला वाटलं, उचललं. कोऱ्या पानावर गेले, तिथे काही उतरेना. परत आले, पुन्हा दोनदा दाबलं. पुन्हा ओके. तिसऱ्यांदाही तसंच. इतकं गोड बोलून काम न करणारं खातं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. स्वयंपाकघरात माझा फोन तीनदा वाजला, तोही मी बघितला नाही, कारण मंगळवार हा खऱ्या नंबरांवरच्या चाचणीचा वार आणि त्या यादीत माझाही नंबर आहे. यादीत चारच नंबर आहेत: जावईबापूंचा, लेकीचा, माझा आणि तुझा. तुझा का, हे तुला माहीत आहे. बटणांचा जुना फोन आता आपल्या ओळखीत फक्त तुझ्याकडे उरला आहे, आणि तसल्या फोनवर निरोप नीट पोचतो का हे त्यांना बघायचं असतं. तूच मोठ्या हौसेने परवानगी दिली होतीस. पहिल्याच महिन्यात "उद्या उपाशीपोटी या" असा चाचणीचा निरोप आला, तेव्हा तू दुसऱ्या दिवशी बारापर्यंत पाण्याचा घोटही घेतला नाहीस आणि मग फोन करून विचारलंस की नक्की कुठे यायचं. तेव्हापासून तू प्रत्येक चाचणीनंतर त्यांना फोन करून "मिळाला हो" सांगतेस. त्यांच्या कंपनीत पगारी माणसं एवढी जबाबदारीने वागत नाहीत, असं ते सगळ्यांना सांगतात.

साडेअकराला लेकीचा फोन आला. लॅबोरेटरीतून ती कधी फोन करत नाही. "आई, तू मावशीला काय पाठवलंस?" मी म्हटलं, अजून काहीच नाही, अजून मी सभ्य करते आहे. मग तिने मला माझंच वाक्य वाचून दाखवलं. जावईबापू आतल्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये होते. मी दार उघडलं आणि पडद्यावरच्या अकरा माणसांसमोर त्यांना विचारलं की गेलेला निरोप परत कसा आणायचा. ते म्हणाले, "आई, तो परत येत नाही." एवढंच. पहिल्यांदाच ते अगदी तेच म्हणाले नाहीत. नंतर ते माझ्याशेजारी बसले, फाइलमध्ये वर गेले, खाली आले, पुसलेल्या भिंती मोजल्या, आणि मला म्हणाले की चूक त्यांचीच, खऱ्या नंबरांवर चाचणी करायलाच नको होती. मला त्या क्षणी त्यांनी रागवायला हवं होतं. हा माणूस ते सुखही देत नाही.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तू होतीस. तू नेहमीच्याच आवाजात म्हणालीस, "मिळाला हो. तीनदा मिळाला." आणि ठेवलास. तो फोन स्पीकरवर होता, ताई. मी शेजारीच बसले होते.

आता त्या निरोपाविषयी. मराठीतला निरोप म्हणे सत्तर अक्षरांचाच जातो. काने, मात्रा, वेलांट्या, मधल्या मोकळ्या जागा, सगळं धरून सत्तर. त्याहून लांब असेल तर तुकडे करून पाठवायची सोय असते, ती अजून यांच्याकडे चालू नाही, आणि याच दुरुस्तीची चाचणी त्या आठवड्यात व्हायची होती. इंग्रजीला एकशे साठ मिळतात. म्हणजे मी तुला इंग्रजीत झाडलं असतं तर तुला दुपटीहून जास्त पोचलं असतं, आणि निम्मं कळलं नसतं, आणि आज आपण बोलत असतो. (तू चिडू नकोस. तुझ्या वेळी कॉन्व्हेंट नव्हतं, हे मी सगळ्यांना सांगते.) तुला मिळालं ते असं: "ताई, मी येणार नाही. मी काही रिकामी बाई नाही. तुझ्या गुडघ्यापेक्षा तुझी". बस. मी मोजून पाहिलं, बरोबर सत्तर. तुझी काय, याचा विचार करत तू नऊ दिवस बसली असशील. तुझी अक्कल, तुझी वृत्ती, तुझी सून. पुढचा शब्द जीभ होता. तुझ्या गुडघ्यापेक्षा तुझी जीभ आधी डॉक्टरांना दाखवायला हवी, असं ते वाक्य होतं.

तुला वाटेल, पुढे काही गोड असेल आणि ते तुटलं, म्हणून मी हे सांगते आहे. नाही. पुढचं आणखी वाईट आहे. तिसऱ्या ओळीत लिहिलं आहे की तू मला सेवेला बोलावतेस आणि सेवा कशी करतात हे पलंगावरून शिकवणार. चौथीत लिहिलं आहे की आईच्या आजारपणात तू खुर्चीवर बसून यादी करायचीस आणि मी धावायचे. पाचवी मी इथे उतरवत नाही. सहावीत, सातवीत पाचवीचंच स्पष्टीकरण आहे. आठवीत एकदा तुझं नाव घेऊन नुसतंच सोडून दिलं आहे, मला वाटतं तेव्हा राग संपला असावा. आणि नववी ओळ अशी आहे: "इस्त्री तुझ्याकडे आहे की माझी आणू? संडासात धरायला दांडी बसवली आहेस का? नसेल तर सुताराला आजच सांग, मी येईपर्यंत थांबू नकोस." हा माझा पहिला मसुदा, म्हणजे मनात असलेलं सगळं. पहिल्या ओळीत येणार नाही म्हटलं आहे आणि नवव्या ओळीत बॅग भरली आहे. पहिली ओळ खोटी होती असं मी म्हणत नाही. लिहिताना ती खरी होती. पण मला ओळखणारी माणसं नववीपर्यंत थांबतात, आणि यंत्राला तेवढा धीर नव्हता.

एकतीस वर्षांत माझ्या बोर्डावरून एकही कॉल चुकीच्या नंबरला गेला नाही, हे मी निरोपसमारंभात अभिमानाने सांगितलं होतं. हाही गेला नाही. नंबर बरोबर होता, हेच तर दुर्दैव आहे. गेले नऊ दिवस मी साडेनऊ वाजता टेबलाशी येऊन बसते, तू उचलत नाहीस, आणि मग दहापर्यंत करायला काही उरत नाही. दहा वाजता मी फाइल उघडते आणि चाळीस चिन्हं एकेक करून परत बसवते. काल पूर्ण झाली. जावईबापू म्हणाले, आता भिंती पक्क्या आहेत. मला त्याचा काही उपयोग दिसत नाही.

तेव्हा तुला एकच विचारते. एकोणतीसला येऊ की नको? हो किंवा नाही, पण लेखी, तुझ्या हस्ताक्षरात. लेकीकरवी निरोप चालणार नाही, फोन तर मुळीच नाही, कारण फोनवर मी काय बोलेन याची मला आता खात्री वाटत नाही. उत्तर मंगळवार, पंचवीस मार्च, संध्याकाळी पाच वाजायच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.

तुझ्या घरी जे कोणी अजून माझ्याशी बोलत असतील त्यांना माझा नमस्कार. तुझ्या सुनेला आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण
(लेखी, शाईने, तिसऱ्यांदा)

ता. क. इस्त्री मी आणतेच आहे. तुझ्याकडे असलीच तर ती कपडे जाळत असेल. त्या ठरवलेल्या बाईंचा अपमान होईल असं वाटत असेल तर त्यांना रात्रपाळीला ठेव. मी दिवसा बघेन.

ता. क. दुसरा. वर पंचवीस तारीख का लिहिली ते सांगितलं नाही. सांगणारही नव्हते. सोमवारी दहा तारखेला, तुझा फोन यायच्या आधी, मी नेहमीसारखी फाइल तपासत होते. दोन चाचण्यांच्या मध्ये जावईबापूंचं एक टिपण होतं, ते कामाचं नव्हतं. लेकीला दुसऱ्या शहरातल्या लॅबोरेटरीत जागा मिळाली आहे, जूनपासून. त्यांनी तिथे घर पाहिलं आहे, एका खोलीचं, दोघांपुरतं. त्याखाली लिहिलं होतं: आईंना कसं सांगायचं? सव्वीसला, हिच्या सुटीच्या दिवशी, दोघांनी मिळून. रडल्या तर? रडल्या तर काय, हे पुढे लिहिलंच नव्हतं. त्या वाक्यात क्रियापद चुकलं होतं. ते मी सुधारलं आणि पुढच्या टिपणाकडे गेले. ते सगळं एकाच कागदावर ठेवतात, त्यामुळे विसरून राहिलं की तोंडाने सांगता येत नाही म्हणून माझ्या वाचनात ठेवलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनी विचारलं नाही, मी बोलले नाही. मग दुपारी तू विचारलंस, तुला तरी तिकडे काय काम असतं. तुझी चूक नव्हती, तुला काय माहीत. पण बरोबर त्याच दिवशी विचारायला नको होतंस.

ता. क. तिसरा, आणि हा लेकीला दाखवू नकोस. सहा आठवड्यांची गोष्ट मी वर लिहिली ती सोड. तुझा गुडघा सहा आठवड्यांत बरा होईल, त्याचं मला काही वाटत नाही. तुझी मागची खोली रिकामी आहे ना, शिवणाच्या मशीनची? मला तिथे राहायचं आहे. पण मी मागितली म्हणून नको. तू मला बोलाव. असं लिही की सून कामावर गेली की तुला आता एकटीला जमत नाही, धाकटीने येऊन राहिलंच पाहिजे, तू तिचं काही ऐकणार नाहीस. खरं नसलं तरी तसंच लिही, आणि खडसावून लिही, ते तुला येतं. ते पत्र मी मंगळवारी जेवणाच्या टेबलावर दोघांना वाचून दाखवेन आणि म्हणेन, बघा बाबा, मावशी काही ऐकत नाही, मला जावंच लागणार, तुम्ही दोघं तुमचं बघा. म्हणजे बुधवारी त्यांना काही सांगायची वेळ येणार नाही. पोस्टमन इथे चारला येतो, कुरिअरवाला साडेचारला. पाचच्या आत, ताई.